सर्व्हर डाऊन म्हणण्याआधी

जुलै महिन्याची शेवटची तारीख, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या बाजारगावातले सेवा केंद्र. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचे घोषणापत्र सांभाळत उभी असलेली माणसे. केंद्रचालकाने ‘सबमिट’ दाबलेले असते आणि पडद्यावर गोल चक्र फिरत असते. पाच मिनिटांनी तो मान वर करतो आणि दोनच शब्द बोलतो, ‘सर्व्हर डाऊन.’ वाडीवस्तीवरून रोज बुडवून आलेल्या माणसाला पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही.

हा प्रसंग जिल्ह्याने वर्षानुवर्षे पाहिला आहे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि राज्यभरातून दीड कोटीहून अधिक अर्ज आले. ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. त्याआधी १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल दुपारी एक वाजता जाहीर झाला, तेव्हा पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल दाखवणारी संकेतस्थळे कित्येक तास उघडतच नव्हती. परीक्षाच न झालेल्या त्या वर्षी ९९.९५ टक्के मुले पास झाली होती, पण स्वतःचा निकाल दिसायला संध्याकाळ झाली.

सरकारी पोर्टलांवर सामान्य वाचकाचा ताबा नाही. मात्र बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई इथे आता लहान वेब ॲप्लिकेशन चालवणारे अनेक जण आहेत. कुणी दूध संकलनाचा हिशेब ठेवतो, कुणी पतसंस्थेचे पासबुक ऑनलाइन करतो, कुणी शिकवणीचे प्रवेश घेतो, तर कुणी ऊसतोड मुकादमाची उचल, टोळीतले कोयते (तोडणीच्या जोड्या) आणि खाडे यांची नोंद ठेवणारे ॲप लिहितो. यातली बरीच ॲप्स महिना हजार-दोन हजार रुपयांच्या क्लाउड सर्व्हरवर असतात, आणि ती संथ झाली की पहिला सल्ला ठरलेला असतो, मोठा सर्व्हर घ्या. हा सल्ला बहुतेक वेळा महाग पडतो आणि दुखणे जागेवरच राहते. वेळ कुठे जातो हे मोजल्याशिवाय सर्व्हरला हात लावू नये.

मोजणीची सुरुवात तक्रार करणाऱ्यापासून होते. ‘ॲप स्लो आहे’ एवढ्यावर काहीच करता येत नाही. कोणते पान? किती वाजता? सगळ्यांना की एकट्यालाच? मोबाईल डेटावर की वायफायवर? बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात एका कंपनीची रेंज असते तिथे दुसरीची नसते. म्हणून तेच पान दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून उघडून पाहावे आणि नंतर सर्व्हरमध्ये शिरून खुद्द सर्व्हरवरूनच मागवून पाहावे. आतून झटकन येते आणि बाहेरून येत नाही, तर दोष वाटेत किंवा पानाच्या वजनात आहे. आतूनही रखडत असेल, तर रेंजला दोष देण्यात अर्थ नाही.

ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबली की उघडणाऱ्या पट्टीत ‘नेटवर्क’ नावाचा कप्पा असतो, तो निवडावा. पान पुन्हा लोड केले की प्रत्येक फाइलपुढे एक आडवी पट्टी दिसते. पहिल्याच ओळीवर टिचकी मारून ‘वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स’ आणि ‘कंटेंट डाउनलोड’ हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत. पहिला मोठा असेल तर सर्व्हर विचार करत बसला आहे. दुसरा मोठा असेल तर सर्व्हरने काम संपवले आहे, माल पोचायला वेळ लागतो आहे.

आणखी बारकाईने पाहायचे तर ‘कर्ल’ हे साधे साधन बहुतेक लिनक्स यंत्रांवर असते. त्याच्या ‘राइट-आउट’ पर्यायाने प्रत्येक टप्प्याची वेळ छापता येते. समजा निकाल असा आला: नाव शोधून झाले ०.०४ सेकंदाला, जोडणी झाली ०.०९ ला, टीएलएसची हातमिळवणी ०.१८ ला, पहिला बाइट आला ६.४ ला आणि सगळे पान मिळाले ६.५ ला. हे आकडे प्रत्येक टप्प्याचे वेगळे नसतात, सुरुवातीपासून मोजलेले असतात, म्हणून मागचा आकडा वजा करून वाचायचे. इथे ०.१८ ते ६.४ ही सव्वासहा सेकंदांची दरी ॲप आणि डेटाबेसमध्ये गेली. नेटवर्कने जेमतेम पाव सेकंद घेतला. ही एक मोजणी हातात आली की अर्ध्या अटकळी तिथेच संपतात.

याच्या उलट चित्रही दिसते. जोडणीलाच पाव सेकंद लागत असेल तर सर्व्हर कुठल्या देशात आहे ते आधी पाहावे. क्लाउडचे खाते उघडताना अनेकांचा पहिला सर्व्हर अमेरिकेत, उदाहरणार्थ व्हर्जिनियात, तयार होतो, कारण अमेरिकेतला पर्याय अनेकदा आधीच निवडलेला असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. बीडहून व्हर्जिनिया तेरा हजार किलोमीटरच्या आसपास, तेही सरळ रेषेत. केबल सरळ जात नाही, त्यामुळे एका फेरीला दोनशे मिलिसेकंद किंवा जास्त लागतात, आणि पानाचा पहिला बाइट येण्याआधी अशा तीन-चार फेऱ्या होतात. ॲमेझॉनचे मुंबईतले केंद्र २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचे पुण्यातले २०१५ पासून, गुगलचे मुंबईतले २०१७ पासून. वापरणारे सगळे केज-धारूरचे आणि सर्व्हर व्हर्जिनियात, ही मांडणी पहिल्या सुट्टीच्या दिवशी बदलावी. फक्त डेटाबेस आणि ॲप दोन्ही एकत्र हलवावेत. ॲप मुंबईत आणून डेटाबेस अमेरिकेत ठेवला तर प्रत्येक क्वेरीला समुद्र ओलांडावा लागतो आणि पान पूर्वीपेक्षा कितीतरी संथ होते.

पानाचे वजन हा विषय थोडक्यात. फोनने काढलेला सातबाऱ्याचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो फोनमध्येच लहान करून पाठवला तर दोनशे-तीनशे केबीत अक्षरे स्वच्छ वाचता येतात. यादीच्या पानावर मूळ फोटो दाखवू नयेत, छोट्या प्रती दाखवाव्यात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये पान आवळून पाठवणारे जीझिप सुरू आहे का तेवढे तपासावे.

आता सर्व्हरच्या आत. ‘टॉप’ ही आज्ञा दिली की वरच्या ओळींत प्रोसेसरचा हिशेब दिसतो. तिथे ‘आयडल’ भरपूर असेल आणि तरीही ॲप संथ असेल तर प्रोसेसर मोकळा बसला आहे, तो कशाची तरी वाट पाहतो आहे. ‘डब्ल्यूए’चा आकडा वाढलेला असेल तर ती वाट डिस्कची आहे. आणि ‘एसटी’ या दोन अक्षरांकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. त्याचा अर्थ ‘स्टील’, म्हणजे तुमच्या वाट्याचा प्रोसेसर त्या क्षणी तुम्हाला मिळत नाही.

स्वस्त क्लाउड सर्व्हरचे गुपित इथे आहे. ॲमेझॉनचा टी-२ मायक्रो घ्या. त्याची कायमची ताकद एका प्रोसेसरच्या दहा टक्के एवढीच. मोकळ्या वेळात तो तासाला सहा क्रेडिट जमवतो, जास्तीत जास्त १४४. एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण ताकद. सकाळी संकलन केंद्रे उघडतात, ॲप भन्नाट चालते, साधारण अडीच तास पूर्ण भाराने चालले की गाठोडे रिकामे होते आणि यंत्र दहा टक्क्यांवर येते. चालवणारा रीस्टार्ट करतो, फरक पडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळे ठीक. टी-३ जातीत मूळ रचनाच वेगळी ठेवली आहे. तिथे क्रेडिट संपले तरी वेग कमी होत नाही, बिल वाढते. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या मोजणीच्या सेवेत ‘सीपीयू क्रेडिट बॅलन्स’चा आलेख असतो. रोज ठरावीक वेळेला ॲप बसत असेल तर तोच आलेख सर्वात आधी उघडावा.

डिस्कचेही तसेच गाठोडे असते. ॲमेझॉनच्या जुन्या जीपी-२ प्रकारच्या डिस्कला दर जीबीमागे तीन, पण किमान शंभर वाचन-लेखन क्रिया प्रतिसेकंद मिळतात. गरज पडली तर ती तीन हजारांपर्यंत धावते, पण चोपन्न लाख क्रेडिटांच्या साठ्यावर. तो साठा त्या वेगाने अर्ध्या तासात संपतो. वीस जीबीची डिस्क मग शंभरावर येऊन बसते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीपी-३ डिस्कला आकार कितीही लहान असला तरी तीन हजार क्रिया कायम मिळतात, आणि चालू डिस्कचा प्रकार यंत्र बंद न करता बदलता येतो. हा एवढा बदल मोठ्या सर्व्हरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

ठरावीक वेळेच्या दुखण्यात आणखी एक कारण निघते. क्लाउड सर्व्हरचे घड्याळ सहसा जागतिक वेळेवर असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. बॅकअप ‘पहाटे पाच’ला लावला म्हणून चालवणारा निवांत असतो, आणि तो रोज सकाळी साडेदहाला, पतसंस्थेचे काउंटर उघडताना, सगळी डिस्क घुसळत असतो. ‘डेट’ अशी आज्ञा देऊन घड्याळ पाहायला दोन सेकंद लागतात.

सर्वात जास्त वेळ मात्र डेटाबेसमध्ये जातो, आणि तिथेच सर्वात जास्त वाचवताही येतो. माय-एसक्यूएलमध्ये ‘स्लो क्वेरी लॉग’ नावाची सोय आहे. ती मुळात बंद असते, आणि सुरू केली तरी दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणारीच क्वेरी नोंदवते. ती मर्यादा एक सेकंदावर आणावी, एक दिवस चालू द्यावी आणि संध्याकाळी फाइल वाचावी. बहुधा दोन-तीनच क्वेरी पुन्हा पुन्हा दिसतात.

त्यातली एक उचलून तिच्यापुढे ‘एक्सप्लेन’ लावावे. ‘टाइप’ या रकान्यात ‘ऑल’ आणि ‘रोज’ या रकान्यात लाखाच्या घरातला आकडा दिसला, तर डेटाबेस एका सभासदाची नोंद शोधायला सगळा दप्तरखाना चाळतो आहे. फेरफार क्रमांक माहीत नसताना तलाठ्याने रजिस्टर पहिल्या पानापासून उलटत बसावे, तसे. उपाय ओळखीचा आहे, त्या रकान्यावर इंडेक्स. पण इंडेक्स असूनही तो वापरला जात नाही, अशी एक खोच फार जणांना छळते. मोबाईल क्रमांकाचा रकाना अक्षरांच्या प्रकारचा असतो आणि क्वेरीत क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय, म्हणजे संख्या म्हणून लिहिलेला असतो. माय-एसक्यूएलला मग प्रत्येक ओळीतल्या अक्षरांची संख्या करून तुलना करावी लागते आणि इंडेक्स तसाच पडून राहतो. दोन अवतरणचिन्हे घातली की काम झाले. तारखेच्या रकान्याला एखाद्या फंक्शनमध्ये गुंडाळून शोधले तरी हेच होते. नावाच्या शोधात आधीच टक्केचिन्ह टाकले तरी हेच.

दुसरा सापडणारा चोर म्हणजे यादीतला फेरा. मुकादमाच्या ॲपमध्ये शंभर कोयत्यांची यादी एका क्वेरीने येते आणि मग प्रत्येक कोयत्याची उचल काढायला स्वतंत्र क्वेरी जाते. एकूण एकशे एक. प्रत्येक क्वेरी दोन मिलिसेकंदांची असेल, तर स्लो क्वेरी लॉगमध्ये एकही सापडणार नाही, तरी यादी लांबत गेली की पान रखडेल. जोड-क्वेरी लिहून हे काम एक-दोन फेऱ्यांत होते. लारावेल, जँगो, रेल्स या सगळ्या चौकटींत त्यासाठी तयार सोय आहे, ती वापरली जात नाही एवढेच.

इथपर्यंत सगळे नीट असूनही गर्दीत ॲप कोलमडते, तेव्हा प्रश्न रांगेचा असतो. बीड जिल्ह्यातल्या माणसाला रांग समजावून सांगायची गरज नाही. ज्याने कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर किंवा टायरगाडी लावून नंबर यायची वाट पाहत रात्र काढली आहे, त्याला माहीत असते की गव्हाणीवर दिवसाला जेवढे गाळप होते तेवढेच होणार. त्याहून जास्त ऊस फडातून सुटला तर गाड्या वाढतील, गाळप वाढणार नाही. काट्यावर दोन माणसे जास्त उभी केली तरी रांग हलत नाही, कारण अडलेले असते पुढे.

रांगेचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९०९ साली मांडायला सुरुवात केली. त्यातला एक साधा निष्कर्ष प्रत्येक सर्व्हर चालवणाऱ्याने पाठ करावा असा आहे. एकच खिडकी असेल, माणसे अनियमितपणे येत असतील आणि कामही कमीजास्त लागत असेल, तर खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असताना एक सेकंदाच्या कामाला सरासरी दोन सेकंद लागतात. ऐंशी टक्के गुंतली की पाच, नव्वद टक्क्यांना दहा, पंच्याण्णवला वीस. म्हणूनच कालपर्यंत बरे चालणारे ॲप दहा टक्के गर्दी वाढताच कोसळल्यासारखे वाटते.

पीएचपी ॲप चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या मूळ मांडणीत एका वेळी विनंत्या उरकणारे पाचच कामगार असतात. एक विनंती ०.२ सेकंदात उरकत असेल तर पाच कामगार सेकंदाला पंचवीस विनंत्या काढतात. आता नोंदणीच्या पानावर ओटीपीचा एसएमएस पाठवायचा आहे आणि एसएमएसची सेवा त्या दिवशी दहा सेकंद घेते आहे. प्रत्येक कामगार दहा सेकंद फोन कानाला लावून उभा. पाच कामगार, दहा सेकंद, म्हणजे दोन सेकंदाला एक विनंती. वेग पन्नासपट घसरला, आणि ‘टॉप’मध्ये प्रोसेसर मोकळाच दिसतो! लॉगमध्ये ‘मॅक्स चिल्ड्रेन’ची मर्यादा गाठल्याची ओळ शोधावी, ती असेल तर निदान झाले.

कामगार पाचाचे पन्नास करणे हा उपाय मोह पाडणारा आहे, पण मेमरी मोजून करावा. एक कामगार पन्नास एमबी घेत असेल तर पन्नास कामगार अडीच जीबी मागतात. एक जीबीच्या यंत्रावर मेमरी संपते आणि लिनक्स सर्वात जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारतो. बहुधा ती माय-एसक्यूएलचीच असते. पक्का मार्ग असा की एसएमएस, ईमेल, पीडीएफ असली कामे मागच्या रांगेत टाकावीत, वापरणाऱ्याला लगेच पोच द्यावी, आणि बाहेरच्या प्रत्येक सेवेला तीन-चार सेकंदांची कमाल मुदत घालावी. ती मुदत न घालणे ही लहान ॲपमधली सर्वात महागात पडणारी चूक आहे.

शेवटच्या तारखेची तयारी महिनाभर आधी करावी. के-सिक्स, जेमीटर, लोकस्ट ही साधने फुकट आहेत. स्वतःच्याच सर्व्हरवर, रात्री, आधी दहा मग पन्नास मग दोनशे वापरकर्त्यांचा खोटा भार टाकून पाहावा आणि वेळ कुठल्या आकड्याला चढू लागते ते लिहून ठेवावे. जी पाने सगळ्यांना सारखीच दिसतात, जसे माहितीपत्रक, गावांची यादी, निकाल, ती डेटाबेसला न विचारता तयार ठेवलेली द्यावीत. ॲक्सेस लॉगही उघडून पाहावा. कधी कधी निम्मी गर्दी माणसांची नसतेच, शोधयंत्रांच्या आणि भलत्यासलत्या बॉटची असते.

आणि बदल एका वेळी एकच करावा. आधी स्नॅपशॉट, मग बदल, मग तीच मोजणी पुन्हा, मग वहीत तारीख घालून नोंद. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि ॲप सुधारले, तर कशाने सुधारले ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तेच दुखणे परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू होतो. आलेख पाहतानाही एक सावधगिरी हवी. क्लाउडवॉचची फुकट मोजणी पाच-पाच मिनिटांची असते. त्यात अर्ध्या मिनिटाचा कडेलोट सरासरीत विरून जातो आणि आलेख शांत दिसतो.

हे सगळे केल्यावर मोठा सर्व्हर लागलाच, तर जरूर घ्यावा. तेव्हा प्रोसेसर हवा की मेमरी की डिस्क, हे वहीच सांगेल. ज्यांचे ॲप आज ठीक चालते आहे त्यांनीही हातातले काम संपल्यावर स्लो क्वेरी लॉग सुरू करावा, मर्यादा दहाची एक करावी आणि येत्या शनिवारी ती फाइल उघडून वाचावी.